लग्न कोणी पाहिले होते? सहवास, शेजारी आणि कायदा

‘इतकी वर्षे एका घरात राहिले की कायद्याने नवरा-बायकोच.’ हे वाक्य गप्पांतही ऐकू येते आणि कोर्टाच्या व्हरांड्यातही. आकडा मात्र माणसागणिक बदलतो. कोणी पाच वर्षे म्हणते, कोणी सात, कोणी दहा. प्रत्यक्षात भारतीय कायद्याने असा आकडा कधीच सांगितलेला नाही. मग लग्न न लागलेल्या जोडप्याला न्यायालये नवरा-बायको केव्हा मानत आली? या प्रश्नाचे उत्तर स्कॉटलंडमधल्या एका सरदारकीच्या भांडणापासून सुरू होते आणि दख्खनमधल्या पाटाच्या लग्नांवरून पुढे येते. #थ्रेड

आरंभी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘कॉमन लॉ मॅरेज’ म्हणजे विधी नाही, नोंद नाही, तरी सहवास आणि लौकिक यांवरून मान्य होणारा विवाह. नावावरून ही इंग्लंडची देणगी वाटते. पण इंग्लंडमध्ये लॉर्ड हार्डविक यांच्या पुढाकाराने १७५३ साली झालेल्या कायद्याने विवाहासाठी चर्च, पूर्वसूचना आणि नोंद सक्तीची केली. २५ मार्च १७५४ पासून तो अमलात आला. क्वेकर आणि ज्यू यांना त्यातून वगळले होते. बाकीच्यांसाठी पळवाट एकच उरली, उत्तरेची सीमा ओलांडून स्कॉटलंडमध्ये जाणे. सीमेलगतचे ग्रेटना ग्रीन हे गाव त्यामुळेच पळून जाणाऱ्या जोडप्यांचे तीर्थक्षेत्र बनले. गंमत अशी की आजही इंग्लंडमधल्या जवळजवळ निम्म्या लोकांना वाटते की एकत्र राहणाऱ्या जोडप्याचा ‘कॉमन लॉ’ विवाह होतो. तिथे तो होत नाही. म्हणजे हा भाबडेपणा केवळ आपल्याकडचा नाही.

स्कॉटलंडचा कायदा निराळा होता. हार्डविकचा कायदा तिथे लागू नव्हता आणि विवाहाचा गाभा तिथे संमतीत मानला जाई, विधीत नव्हे. ही संमती तीन प्रकारे सिद्ध करता येई. दोघांनी ‘आम्ही आत्ता विवाह करीत आहोत’ असे म्हणणे हा पहिला प्रकार. विवाहाचे वचन आणि त्या विश्वासावर शरीरसंबंध हा दुसरा. तिसरा प्रकार आपल्या विषयाचा आहे. जोडपे नवरा-बायकोसारखे उघडपणे राहते आणि आप्तेष्ट, शेजारीपाजारी त्यांना नवरा-बायकोच समजतात. एवढ्यावरून न्यायालय म्हणू शके की यांनी कधीतरी परस्परांना संमती दिलीच असली पाहिजे. ती केव्हा, कुठे, कोणत्या शब्दांत दिली हे सांगण्याची गरज नसे.

या तिसऱ्या प्रकाराची खरी परीक्षा ब्रेडलबेन खटल्यात झाली. जेम्स कॅम्पबेल नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या चिपिंग सॉडबरी या गावातून एका दुकानदाराच्या पत्नीसह पलायन केले. एलायझा तिचे नाव. तिचा नवरा हयात होता, म्हणजे हे नाते आरंभी निखळ व्यभिचाराचे होते. १७८४ च्या आरंभी तो दुकानदार वारला. जेम्स आणि एलायझा पूर्वीसारखेच एकत्र राहत राहिले. पुढे स्कॉटलंडमध्ये नातेवाइकांनी, स्नेह्यांनी तिला मिसेस कॅम्पबेल म्हणूनच स्वीकारले. १७८८ मध्ये त्यांना मुलगा झाला. १८०६ मध्ये जेम्सही गेला. त्या दोघांचे लग्न लागल्याचे कोणी पाहिले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते.

विचारण्याची वेळ १८६२ मध्ये आली. ब्रेडलबेनचा मार्क्विस निपुत्रिक वारला आणि स्कॉटलंडमधल्या सर्वांत मोठ्या जहागिरींपैकी एक, सरदारकीच्या किताबासह, जेम्स-एलायझाच्या नातवाकडे आली. दुसऱ्या शाखेतल्या भाऊबंदाने हरकत घेतली की या माणसाचा बाप अनौरस होता, कारण त्याच्या आजोबांनी आजीशी लग्नच केले नव्हते. ऐंशी वर्षांपूर्वी दोन माणसे कोणत्या नात्याने राहत होती, याचा निवाडा आता त्यांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने करायचा होता. हरकतदारांचा युक्तिवाद बिनतोड भासतो. व्यभिचारातून सुरू झालेले नाते, त्यात बदल झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत, व्यभिचाराचेच समजले पाहिजे. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८६७ मध्ये तो फेटाळला. अडथळा होता तोवर विवाह शक्य नव्हता. अडथळा दूर झाल्यावर तेच दोघे त्याच लौकिकाने राहत राहिले, तर त्या क्षणापासून संमती गृहीत धरता येते, असे लॉर्डांनी ठरवले. नातवाची सरदारकी टिकली.

या निकालातल्या दोन गोष्टी पुढच्या सगळ्या प्रवासात पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली, प्रश्न प्रेमाचा किंवा नीतीचा नव्हता, वारशाचा होता आणि तो दोघेही मेल्यावर उपस्थित झाला. दुसरी, एलायझाचा पहिला नवरा वेळेवर मेला नसता तर साऱ्या जगाने तिला मिसेस कॅम्पबेल म्हणूनही काही उपयोग झाला नसता.

लॉर्डांचा हा विचार साम्राज्यात पसरायला फार वेळ लागला नाही. १८८१ मध्ये सिलोनमधल्या तमिळ कुटुंबाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तत्त्व सांगितले. स्त्री-पुरुष पती-पत्नीसारखे एकत्र राहत होते एवढे सिद्ध झाले, तर ते वैध विवाहामुळेच राहत होते असे कायदा मानील. उलट म्हणणाऱ्याने ते स्पष्टपणे सिद्ध करावे. १९२७ मध्ये सिलोनच्याच, १९२९ मध्ये हिंदुस्थानातल्या एका मुस्लिम घराण्याच्या खटल्यात ते पुन्हा उच्चारले गेले. पुराव्याचे ओझे फिरवणे हे या तत्त्वाचे सारे सामर्थ्य आहे. लग्न झाले हे बाईने सिद्ध करायचे नाही. झाले नाही हे दिराने सिद्ध करायचे.

मुंबईत तर हा प्रश्न त्याआधीच गोऱ्यांच्या बाबतीत उभा राहिला होता. १८४४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये समसमान मते पडून असे ठरले होते की इंग्लिश कॉमन लॉप्रमाणे विवाहाला दीक्षित धर्मगुरू हवाच. मग सुरतेत अँग्लिकन चर्चची दीक्षा नसलेल्या एका मिशनऱ्याने लावलेले लग्न खरे की खोटे? १८४९ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की ही अट हिंदुस्थानात लागू होत नाही. स्वतःच्या लोकांसाठी साम्राज्याला लवचीकपणा सुचला, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

१८७२ चा पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. त्याचे कलम ५० या विषयाचा कणा होते. दोन व्यक्तींमधल्या नात्याविषयी, ते नाते जाणण्याची विशेष संधी असलेल्या माणसाचे मत पुरावा ठरते. मात्र ते मत त्याच्या वर्तनातून व्यक्त झालेले असावे. कायद्याने स्वतःच उदाहरण दिले आहे: अ आणि ब यांना त्यांचे स्नेही नेहमी पती-पत्नी म्हणूनच वागवीत, हे त्यांच्या विवाहाच्या प्रश्नात विचारात घेता येते. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातल्या ‘वर्तन’ या शब्दावर नेमके बोट ठेवले. गावात काय बोलले जाई हे पुरेसे नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर, शेजारीण पाठीमागे काय कुजबुजत होती याला महत्त्व नाही. तिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या बाईला बोलावले की नाही, तिची ओटी भरली की नाही, तिला ‘वहिनी’ म्हटले की नाही, याला आहे.

पण याच कलमाला एक शेपूट होते आणि त्याने पुढे फार गोंधळ केला. घटस्फोटाच्या दाव्यात आणि द्विभार्या, व्यभिचार अशा फौजदारी खटल्यांत असे मत विवाह सिद्ध करायला पुरेसे नव्हते. तिथे प्रत्यक्ष लग्न सिद्ध करावे लागे. म्हणजे एकच जोडपे जमिनीच्या दाव्यात नवरा-बायको आणि फौजदारी खटल्यात परके, असे होऊ शकते. ही चूक नव्हती. शिक्षा द्यायची तर अनुमानावर देऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्याची किंमत कोणी मोजली ते पुढे दिसेल.

आता दख्खनकडे. इथल्या समाजाला लग्न आणि लग्नाबाहेर अशा दोनच पेट्या ठाऊक नव्हत्या. लग्न होते, विधवेचे किंवा सोडलेल्या स्त्रीचे पाट किंवा मोहतूर होते, त्यापलीकडे नाटकशाळा, राख, अंगवस्त्र असे उतरते शब्द होते, आणि अशा संबंधातल्या मुलासाठी ‘लेकावळा’ हा स्वतंत्र शब्द होता. शब्द एवढे असण्याचे कारण उघड आहे. प्रत्येकाबरोबर वेगळा दर्जा आणि वेगळा हक्क जोडलेला होता. आर्थर स्टील यांनी दख्खनमधल्या जातींच्या रूढींचा जो संग्रह १८२७ मध्ये सिद्ध केला, तो मुळात कंपनी सरकारच्या न्यायाधीशांना या जंगलातून वाट सापडावी म्हणून. पाट हलका समजला गेला तरी तो विवाहच होता, हे ब्रिटिश न्यायालयांनीही मान्य केले. भांडण होते ते परवानगी कोणाची, यावर.

१८७५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला. एका स्त्रीने पहिला नवरा हयात असताना, त्याच्या संमतीविना, दुसऱ्या पुरुषाशी पाट लावला होता. त्यांना मुलगा झाला. त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर मुलाने मालमत्तेवर हक्क सांगितला. न्यायालय म्हणाले, पाट बेकायदा, म्हणून संबंध व्यभिचाराचा, म्हणून मुलगा वारस नाही. शूद्राच्या दासीपुत्राला मिताक्षरेने दिलेला हिस्साही त्याला नाही, फक्त पोटगी. ब्रेडलबेनच्या निकालाला तेव्हा आठच वर्षे झाली होती. दोन्हीकडे नवऱ्याला सोडून दुसऱ्यासह उघड संसार करणारी बाई आणि तिचा मुलगा. एकाच्या वंशाला सरदारकी, दुसऱ्याला पोटगी. कायद्याच्या भाषेत फरक इतकाच की तिकडचा पहिला नवरा मेला होता, इकडचा नव्हता. पण इथे आणखी एक गोष्ट घडत होती. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की विवाह मोडण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. जातपंचायतीची जुलूमशाही मोडली असे म्हणावे, तर त्याबरोबर कष्टकरी जातींतल्या स्त्रियांची नको असलेल्या लग्नातून बाहेर पडण्याची वाटही बंद झाली. इंग्रजी सुधारणेच्या इतिहासात ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

लग्नाबाहेरच्या स्त्रीसाठी धर्मशास्त्रात एक जागा होती, हे आज ऐकून आश्चर्य वाटते. ‘अवरुद्ध स्त्री’ म्हणजे एकाच पुरुषाने कायम ठेवलेली, त्याच्याशी एकनिष्ठ राहिलेली स्त्री. पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याची मालमत्ता घेणाऱ्यांनी तिचे पोषण केले पाहिजे, असा नियम. मुंबई उच्च न्यायालयाने १८७३ मध्येच तो मान्य केला होता. अट एकच, पण कडक: संबंध पुरुषाच्या मृत्यूपर्यंत टिकलेला असावा. त्याने हयातीत टाकले तर काही नाही. १९२६ मध्ये मुंबईतल्याच एका श्रीमंत घराण्याचा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. प्रश्न असा की अवरुद्ध स्त्रीने पुरुषाच्या घरात, त्याच्या पत्नी-कुटुंबाबरोबर राहिलेले असलेच पाहिजे का? प्रिव्ही कौन्सिलने नाही म्हणून सांगितले. वेगळ्या घरात ठेवलेली असली तरी तिचा पोटगीचा हक्क उरतो.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ती पुरुषाला सगळे आणि स्त्रीला उरलेले देणारी होती. पण तिने एक वास्तव नाकारले नव्हते. माणसे लग्नाबाहेर आयुष्ये काढतात आणि त्यांतली एक व्यक्ती बहुधा उघड्यावर पडते, हे तिला माहीत होते.

नंतर सुधारणा आली. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो घटनेला धरून असल्याचे ठरवले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर लागू केले. पहिल्या पत्नीसाठी हा मोठा विजय होता आणि त्यासाठी स्त्रियांच्या चळवळीने दीर्घकाळ झगडा दिला होता. परंतु कायदा झाला म्हणून पुरुषांनी दुसरे घर करणे थांबवले नाही. बदलले ते दुसऱ्या बाईचे स्थान. कालपर्यंत ती धाकटी पत्नी होती. आता तिचे लग्न मुळातच शून्य. शिवाय १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मृताच्या मालमत्तेतून पोटगी मागू शकणाऱ्या आश्रितांची जी यादी दिली, तीत अवरुद्ध स्त्री नाही. पत्नी म्हणून दार बंद, ठेवलेली म्हणूनही बंद. दोन चांगल्या सुधारणांच्या सांध्यात एक फट पडली आणि पुढची पन्नास वर्षे तीत कोण पडले, हे न्यायालयांच्या निकालपत्रांतून वाचता येते.

पहिले उदाहरण महाराष्ट्रातलेच. भाऊराव लोखंडे खटल्यात पहिली पत्नी असताना १९६२ मध्ये पुरुषाने दुसरे लग्न केले, गांधर्व पद्धतीने. हार घातले गेले, वधूपित्याने दोघांची कपाळे एकमेकांना टेकवली. पहिल्या पत्नीने द्विभार्येची फिर्याद केली. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष ठरवले, कारण सप्तपदीसारखे आवश्यक विधी किंवा त्यांच्याऐवजी चालत आलेली रूढी सिद्ध झाली नाही. लग्न विधिवत लागले नाही, म्हणून ते लग्न नाही, म्हणून दुसरे लग्न केल्याचा गुन्हा नाही! पुरावा कायद्याच्या कलम ५० चे शेपूट ते हेच. पहिल्या पत्नीला न्याय मिळाला नाही आणि दुसरीला पत्नीपद मिळाले नाही. ज्याने दोघींशी संसार मांडला तो मात्र मोकळा.

याउलट १९७८ चा बद्रीप्रसाद खटला पाहा. वाद जमिनीचा होता. जोडपे जवळजवळ पन्नास वर्षे पती-पत्नी म्हणून राहिलेले. विरोधक म्हणू लागले की लग्न लावणारा पुरोहित आणा, साक्षीदार आणा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अगदी छोट्या निकालात ते उडवून लावले. अर्ध्या शतकानंतर लग्नाचा प्रत्यक्ष पुरावा मागू लागलो तर फार थोडी जोडपी टिकतील, हा त्यांचा मुद्दा आजही खरा आहे. आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाचा दाखला किती घरांत सापडेल?

बद्रीप्रसादचा आधार घेऊन ‘पाहा, लिव्ह-इनला सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मान्यता दिली’ असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. न्यायालयाने म्हटले ते उलट होते: इतकी वर्षे राहिले म्हणजे यांचे लग्न झालेलेच असणार. अविवाहित सहजीवनाला ती मान्यता नव्हती. ते अविवाहित होते हे मानायलाच नकार होता. जे जोडपे प्रामाणिकपणे ‘आम्ही लग्न केलेले नाही’ असे जगाला सांगत राहिले, त्याला या अनुमानाचा काडीचा उपयोग नाही. आणि दोघांपैकी एकाचे आधीचे लग्न जिवंत असेल, तर जगाने काहीही मानले तरी अनुमान तिथेच संपते.

१९८८ मध्ये हे निष्ठुरपणे समोर आले. पहिली पत्नी असलेल्या पुरुषाशी १९७४ मध्ये हिंदू विधींनी लग्न लागलेल्या महाराष्ट्रातल्या एका स्त्रीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली. हे कलम निराधार बाई रस्त्यावर येऊ नये म्हणून होते, वारशासाठी नव्हते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘पत्नी’ म्हणजे कायदेशीर पत्नी. हिचे लग्न शून्य, म्हणून पोटगी नाही. विशेष विवाह कायद्यासारख्या इतर कायद्यांचा आधार नाही आणि अवरुद्ध स्त्रीचे कवच १९५६ लाच गेलेले. ज्या शतकाला आपण अंधारे म्हणतो, त्यात तिला निदान वारसांकडून भाकरी मागता आली असती.

ही फट बुजवण्याचे पहिले प्रयत्न नव्या शतकात झाले. २००३ मध्ये मलिमथ समितीने सुचवले की पुरुषाबरोबर पुरेसा काळ पत्नीसारखी राहिलेली स्त्री कलम १२५ मध्ये ‘पत्नी’ धरावी. २००८ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने त्या धर्तीवर दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूरही केला. वर्तमानपत्रांतून ‘लिव्ह-इनला मान्यता’ म्हणून मोठा गदारोळ झाला, प्रस्ताव मात्र कायदा झाला नाही. गदारोळ करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शहरातले नोकरदार तरुण जोडपे होते. प्रस्ताव ज्या बाईसाठी होता ती बहुधा तालुक्याच्या गावी राहणारी, दुसरेपणावर दिलेली होती.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात पहिल्यांदाच ‘विवाहाच्या स्वरूपाचे नाते’ हे शब्द आले. पण त्याचा अर्थ काय, हे संसदेने सांगितले नाही. तो २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी सांगितला. जोडपे समाजात पती-पत्नीसारखे वावरले पाहिजे, दोघे लग्नाच्या वयाचे हवेत, लग्न करण्यास अन्यथा पात्र म्हणजे अविवाहित हवेत, आणि स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत. या चार अटी कॉमन लॉ मॅरेजच्या आहेत, असे निकालपत्र म्हणते. आधार म्हणून त्यात चक्क विकिपीडियाचा दाखला आहे. दीडशे वर्षांची प्रिव्ही कौन्सिलची परंपरा हाताशी असताना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने व्याख्या विकिपीडियावरून घ्यावी, हा प्रसंग कोणत्याही इतिहासकाराला मोह पाडणारा आहे. त्याच निकालात पुरुषाने पैसे देऊन ‘ठेवलेल्या’ बाईचा या नात्यात समावेश नाही असे लिहिताना वापरलेल्या ‘कीप’ या शब्दाला अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी भर न्यायालयात हरकत घेतली. मिताक्षरेच्या टीकाकाराने जिला निदान एक नाव आणि पोटगी दिली होती, तिला एकविसाव्या शतकाने फक्त ते नाव परत केले.

अटींमधली तिसरी अट पाहावी: दोघे अविवाहित हवेत. ब्रेडलबेनचाच उंबरठा. २०१३ च्या नोव्हेंबरात इंद्रा सरमा खटल्यात अठरा वर्षे एका पुरुषाबरोबर राहिलेली स्त्री याच उंबरठ्यावर अडखळली. पुरुष विवाहित होता, हे तिला आधीपासून माहीत होते. म्हणून हे नाते विवाहाच्या स्वरूपाचे नाही. न्यायालयाने सहवासाचा काळ, एकत्र घर, पैशांची सरमिसळ, मुले, समाजातला वावर असे निकष सविस्तर सांगितले आणि या निकालाने गरीब, निरक्षर स्त्रियांवर अन्याय होऊ शकतो हेही स्वतःच कबूल करून संसदेकडे बोट दाखवले. त्याच्या महिनाभर आधी, महाराष्ट्रातूनच आलेल्या बादशाह खटल्यात, दुसऱ्या पीठाने वेगळी वाट काढली होती. तिथे पुरुषाने पहिले लग्न लपवून दुसरे केले होते. आपल्याच लबाडीचा फायदा त्याला घेता येणार नाही, त्या स्त्रीला पोटगीपुरती पत्नी मानू, असे न्यायालय म्हणाले. फसलेल्या स्त्रीला मिळाले, जाणून राहिलेलीला नाही. मधल्या, अर्धवट माहीत असलेल्या, माहीत असून जायला दुसरे घर नसलेल्या स्त्रिया कोणत्या बाजूच्या, हे दर खटल्यात नव्याने ठरते.

मुलांच्या बाबतीत कायदा अधिक उदार झाला. शून्य विवाहातली मुले औरस मानण्याची तरतूद १९५५ च्या कायद्यात होतीच. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत बापाच्या वाट्याला जे आले असते, त्यातही त्यांचा हिस्सा आहे. १८७५ च्या त्या पाटाच्या मुलाला हे दीड शतक उशिरा मिळाले. त्याच्या आईचा प्रश्न आहे तिथेच आहे.

ज्या स्कॉटलंडमधून हे अनुमान निघाले, तिथे ते २००६ मध्ये रद्द झाले. त्याऐवजी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना, त्यांनी लग्न केल्याचे सोंग न घेता, सहचर म्हणूनच काही हक्क देण्यात आले. कॅनडासारख्या देशांत तर काही कामांसाठी सरळ महिने मोजतात; स्थलांतराच्या अर्जात एक वर्षाचा अखंड सहवास पुरतो. ‘अमुक वर्षे राहिले की’ ही आपल्याकडची समजूत तिथे मात्र बऱ्याच अंशी खरी आहे.

भारतात नवे पाऊल वेगळ्याच दिशेने पडले. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेने २७ जानेवारी २०२५ पासून एकत्र राहणाऱ्या अविवाहित जोडप्यांना नोंदणी सक्तीची केली. महिनाभरात नोंद न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेजारणीच्या हळदीकुंकवाची जागा निबंधकाच्या अर्जाने घेतली. लग्न कोणी पाहिले होते, असे आता विचारावे लागणार नाही. सहवासाचीच पावती मिळेल. मात्र दोघांपैकी एकजण जरी आधीचा विवाहित असेल, तर नोंदणी होत नाही.